शेळीच्या दुधातलं विरजण

मित्रांनो, मी एक जुना थेंब आहे. विरजणाचा. अगदी थेंबच नव्हे, चमच्याच्या टोकावर राहीन एवढा. तुम्ही मला रोज खाता आणि उरलेलं भांडं घासायला टाकता, म्हणून तुमची माझी ओळख नाही. आज करून घ्या. पुस्तकांत तलवारींची, किल्ल्यांची, गंजक्या तोफांची आत्मवृत्तं हवी तेवढी छापतात. तोफेनं जन्मात काय केलं? माणसं मारली आणि मग उन्हात पडून राहिली. मी एका माणसाला जगवलं. पण माझ्यावर कोणी निबंध घालत नाही, कारण मी स्वयंपाकघरात राहतो आणि मला सांभाळतात त्या बायका.

माझा जन्म कधी झाला ते मला ठाऊक नाही. कोणत्याच विरजणाला ते ठाऊक नसतं. आजच्या दह्याला कालच्या दह्यानं जन्म दिला, कालच्याला परवाच्यानं. रमाबाई सांगायच्या, त्या लग्न होऊन गिरगावात आल्या तेव्हा माहेरची एक वाटी पदराखाली धरून आल्या, त्या वाटीत मी होतो. त्यांच्या आईनंही मला तसंच आणलं होतं. पोरींबरोबर सासरी जाणारा मी. घरातले दागिने मोडले, तांब्याची भांडी गेली, मी राहिलो.

राहिलो म्हणजे सुखानं बसलो असं समजू नका. माझ्या जातीला बसणं माहीत नाही. नवं दूध मिळालं नाही की मी आंबतो. आणखी वाट पाहायला लावलीत की कडवट होतो, मग माझ्यावर बुरशी चढते, आणि संपलं. म्हणून मी कायम धास्तावलेला. दूध आलं का? चुलीवर चढलं का? मला कोणी विसरलं तर नाही? 

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, मागून शंका नको. मी एकाच घरात नसतो. शेजारीण वाटी घेऊन आली की मी तिच्याही घरी नांदतो, आणि इथेही असतोच. त्यामुळे पुढची हकीकत रस्त्याच्या अलीकडचीही मी पाहिली आहे आणि पलीकडचीही.

अलीकडे रमाबाईंचं घर. पाठारे प्रभूंचं जुनं घराणं. पूर्वी वाड्या होत्या, आता दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि रस्त्यावर डोकावणारा सज्जा उरला होता. तोरा मात्र सगळ्या वाड्यांचा होता. मुलगा मनमोहन फोर्टातल्या कचेरीत कारकून. सून सुमती, बोलायला कमी आणि करायला पुढे. पलीकडे, रस्ता ओलांडला की ख्रिस्ती लोकांची वाडी. लाकडी जिन्यांची छोटी घरं, दारात क्रूस, आणि अगदी टोकाला फ्लोरीच्या शेळ्या. फ्लोरीचा नवरा अॅम्ब्रोज परळला रेल्वेच्या कारखान्यात होता. मुलगी रूथ, तिचं लग्न ठरलेलं.

पंचावन्न सालच्या नोव्हेंबरात मनमोहन मोर्च्याला गेला. मुंबईसकट महाराष्ट्र हवा, एवढंच त्या लोकांचं मागणं होतं. लाठी खाल्ली, गाडीत कोंबला गेला, तुरुंगात बसला. तिथलं पाणी त्याला बाधलं. सुटून आला तेव्हा शर्ट खांद्यावरून घसरत होता. संग्रहणी. जे पोटात जाईल ते तसंच बाहेर. भात नाही, मूग नाही, पेज नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी औषधं दिली, बदलली, पुन्हा बदलली. शेवटी ते सुमतीला म्हणाले, "ह्याच्या आतड्यात आता काही राहिलं नाही. जिवंत दही गेलं पाहिजे, रोज. म्हशीचं नको, जड पडेल. शेळीचं लावा. ताजं, गोडसर. आंबलेलं दिलंत तर न दिलेलं बरं."

"आणि ह्याने नाही थांबलं तर?" सुमतीनं विचारलं.

डॉक्टर पेटी बंद करत राहिले.  तेव्हापासून माझी झोप उडाली. तसा मी झोपत नाहीच.

आता रमाबाईंचं ऐका. पोटचा पोर हाडांवर आलेला, आणि ही बाई म्हणते, "शेळीचं दूध माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही. त्याचा उग्र वास म्हशीच्या दुधाला लागतो, मग लोण्याला लागतो, मग नैवेद्याला."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग डॉक्टरच्या घरी लाव."

सुमती वाद घालणारी नव्हे. तिनं वाटीत मला घेतलं, रस्ता ओलांडला आणि फ्लोरीच्या दारात उभी राहिली. फ्लोरी शेळीच्या पाठीवर हात फिरवत होती. "विरजण माझं, दूध तुमचं," सुमती म्हणाली. "दही इथेच लावायचं. मी सकाळी येऊन नेईन."

"आनि सासू?"

"सासूला वास येतो."

फ्लोरी हसली. "माझ्या शेलीला पन तुझ्या सासूचा वास येत असंल गो बाय. ती काय बोलत नाय."

असा मी आयुष्यात पहिल्यांदा शेळीच्या दुधात उतरलो. मित्रांनो, खरं सांगतो, माझी फजिती झाली. म्हशीचं दूध म्हणजे दगडी चाळ, एकदा धरलं की धरलं. शेळीचं दूध म्हणजे हवेवरचा कापूस. त्याला साय जाड येत नाही, दही लागलं तरी थरथरतं. चमचा लावायचा अवकाश, की पाणी सुटलं. सुमती वाटी घेऊन रस्ता ओलांडेपर्यंत वाटीत दही कमी आणि पाणी जास्त. मनमोहन म्हणायचा, "लाठीला मी घाबरलो नाही, सुमती. आता वाटीला घाबरतो."

दोघी बायका हटून बसल्या. दही लावायला काय लागतं, असं म्हणणारे पुरुष मी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. त्यांना एकदा शेळीचं दही लावायला बसवा. सुमतीनं पहिल्यांदा दुधात तवकिरीचं पीठ शिजवून घातलं, घट्ट व्हावं म्हणून. घट्ट झालं खरं, पण त्याची कागद चिकटवायची खळ झाली. अॅम्ब्रोजनं ती बोटानं चाखली, तोंड वाकडं केलं आणि भांडंच उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी वाडीच्या भिंतीवर 'मुंबई आमची' असं लिहिलेले कागद लागले होते. म्युनिसिपालटीच्या माणसाला ते खरवडून निघेनात. एवढ्यापुरता मी लढ्यात होतो म्हणायला हरकत नाही.

मग फ्लोरीनं दूध आटवायला घेतलं. जाड बुडाचं पातेलं, मंद आच आणि सतत हलवणं. तिसरा हिस्सा उडून जाईपर्यंत हात थांबवायचा नाही. थांबला की करपलं. मग निवू द्यायचं, करंगळी बुडवून सुखानं ठेवता आली की मला घालायचं. त्याआधी घातलं तर मी भाजून मरतो. उशिरा घातलं तर दूध गार, मला कामच करता येत नाही. कुंभारवाड्यातून सुमतीनं कोरी मडकी आणली. कोरी माती दुधातलं जास्तीचं पाणी पिते. मडकं एकदा ठेवलं की हलवायचं नाही, धक्का नाही, उघडून बघणं नाही.

आणि मित्रांनो, मी लागलो. असा लागलो की फ्लोरीनं चमच्यानं काप काढला तर तो उभा राहिला. पाण्याचा टिपूस नाही. मनमोहननं अर्धी वाटी खाल्ली आणि ती पोटात राहिली. रमाबाईंनी दाराआडून पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. स्वयंपाकघराचं दार मात्र बंदच.

पण सुख माझ्या नशिबात नाही. सकाळी मी गोड असायचो, दुपारी आंबट, आणि संध्याकाळपर्यंत माझ्यात बुडबुडे यायचे. दह्याला बुडबुडे. वरचा थर फुटायचा, फेस यायचा, भेगांतून पाणी वर यायचं. सकाळचं दही मनमोहनला लागू पडायचं आणि दुपारचं उलटायचं. एक पाऊल पुढे, दोन मागे. रोज ताजं आणता आलं असतं तर तेही भागलं असतं. पण जानेवारी आला. दिल्लीहून रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही, ती केंद्राच्या हाती राहणार. त्या दिवसापासून गिरगाव पेटलं. दगड, अश्रुधूर, गोळ्या. दर थोड्या वेळानं कर्फ्यू. रस्ता म्हणजे काय, दहा ढांगांची रुंदी. पण त्यावर बंदूकवाला उभा राहिला की तो समुद्र होतो. आज नेलेलं दही उद्याही खाता येईल असं टिकलं नाही तर मनमोहन उपाशी मरणार, हे सगळ्यांना कळत होतं.

कर्फ्यू थोडा सैल झाला तशी सुमती धावत फ्लोरीकडे गेली. ह्या खेपेला तिच्या मागोमाग रमाबाईही चालत गेल्या. वाडीत त्यांनी पाऊल टाकलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"फ्लोरी, तुझ्या शेळ्या काय खातात?" रमाबाईंनी उभ्याउभ्याच विचारलं.

"पाला खातात. तुम्ही काय समजलात, लोक खातात?"

"मग दही का फुगतं?"

"तुमच्या विरजनाला विचारा. तुमच्या घरचं हाय ना ते."

"माझ्या विरजणाला नाव ठेवू नकोस. माझ्या आजीपासूनचं आहे."

"म्हनूनच. म्हातारं झालंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मला बोलता येत नव्हतं. खरं काय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या मडक्यात कोणी परकं शिरत होतं, उड्या मारणारं, फेस काढणारं. ते कुठून येतं तेही मी जाणत होतो. फ्लोरीलाही कदाचित आतून कळत असावं, पण तिला ते बोलता येत नव्हतं. त्याचं कारण दारूबंदीचा कायदा.

सुमतीनं भांडण तोडायला रिकामं मडकं पुढे केलं. त्याच्या तोंडावर बांधलेलं फडकं रमाबाईंनी सोडलं आणि सहज नाकाशी नेलं. नेलं ते तिथेच धरून ठेवलं.

"फ्लोरी," त्या हळू म्हणाल्या, "मी माहीमच्या वाडीत लहानाची मोठी झाले. आमच्या ओसरीला ताडाची सावली असायची. हे फडकं मला काय सांगतंय?"

 मोरीजवळ दाढी करत बसलेला अॅम्ब्रोजच बोलला, "सांगून टाक, फ्लोरी. बायच्या नाकाला वॉरंट लागत नाय."

मग तिनं जाळीचं कपाट उघडलं. ह्याच कपाटात खालच्या फळीवर माझं मडकं असायचं, आणि मागे, शेवयांच्या डब्याआड, एक चिनी मातीची बरणी. बरणीत ताडी. पिण्याची नव्हे. त्यांच्या लग्नाला फुगे लागतात, पिठाचे, तळलेले, चेंडूसारखे. फुग्यांचं पीठ ताडीनं चढतं. फुग्यांशिवाय लग्न म्हणजे हळदीशिवाय लग्न. अॅम्ब्रोजच्या वसईच्या भावानं जिवावर उदार होऊन ती आणली होती. फ्लोरी तिला चिमूट चिमूट साखर घालून जिवंत ठेवत होती, रूथच्या लग्नापर्यंत. ताडीला श्वास लागतो, म्हणून तोंडावर फडकं. माझ्या तोंडावरही फडकं. दोन्ही फडकी एकाच पातेल्यात, थंड पाण्यात खळबळायची आणि वाळली की जी हाताला येईल ती बांधायची. ताडीची पिल्लं माझ्या मडक्यात अशी येत होती. वाईट नाहीत ती. तीही माझ्यासारखीच, बसणं माहीत नसलेली. पण आमचं एका भांड्यात जमत नाही.

"टाकून दे," सुमती म्हणाली. तिचा आवाज मी कधी इतका कोरडा ऐकला नव्हता.

"माझ्या पोरीचं लग्न हाय."

"माझा नवरा जातोय, फ्लोरी."

 बाहेर लॉरीचा आवाज आला आणि गेला. रमाबाईंनी बरणी उचलली, पदराखाली घेतली. "ही मी नेते. आमच्या घरी राहील. लग्नाच्या दिवशी घेऊन जा."

फ्लोरी बघत राहिली. "शेलीचं दूध चालत नाय, आनि ताडी चालते?"

"ताडीचा वास वेगळा," रमाबाई म्हणाल्या. "तो माझ्या माहेरचा आहे."

शहाण्या माणसांची शुचिता ही अशी असते, मित्रांनो. ती कुठे सोयीनं वाकेल ते देवालाही सांगता येत नाही. पण त्या दिवशी ती योग्य बाजूला वाकली, म्हणून मी तिला जास्त शिव्या देत नाही.

मग कामाला जोर आला. फडकी राख घालून उकळली. कपाट गरम पाण्यानं पुसलं. फ्लोरीनं दूध नेहमीपेक्षा जास्त आटवलं. रमाबाईंनी घरून ओल्या खोबऱ्याचा तुकडा पाठवला, दह्यात ठेवला की ते लवकर आंबत नाही. दही लागल्या लागल्या, पुरतं आंबण्याच्या आत, फ्लोरीनं मडकं उचललं. सुमती चौपाटीची वाळू धुऊन, परातीत पसरून, भिजवून बसली होती. कर्फ्यूचा भोंगा व्हायच्या आत मडकं रस्ता ओलांडून आलं आणि सज्जात, ओल्या वाळूत, गळ्यापर्यंत रुतून बसलं. स्वयंपाकघरात त्याला प्रवेश नव्हताच. तिथे ताडी होती.

त्यानंतरचे दिवस सांगायला मला नीट जमणार नाही. खिडक्या बंद. नळाला पाणी असलं तरी बादली भरायला कोणी बाहेर पडेना. कुठे तरी गोळीचा आवाज, मग ओरडा, मग शांतता, आणि ती शांतता जास्त वाईट. फ्लोरी पलीकडे अडकली, दूध काढून ओतून देत. नवं दही येणं शक्य नव्हतं. होतं ते एकच मडकं. सुमती सकाळी एक काप काढायची, मडकं झाकायची, वाळूवर पाणी शिंपडायची. चमचा कोरडा पुसूनच आत घालायची. मी आत एकेका घडीला स्वतःला विचारत होतो, आंबलो का? फुगलो का? उद्या सकाळी तिनं झाकण काढलं आणि तिचं तोंड उतरलं तर?

आणि एका दुपारी, सगळी गल्ली चिडीचूप असताना, आमच्या स्वयंपाकघरात स्फोट झाला.

झालं असं. रमाबाईंना ताडीचा वास माहेरचा वाटला, तरी शेजाऱ्यांना तो कळू नये म्हणून त्यांनी बरणीचं फडकं काढून लाकडी बूच ठोकलं होतं आणि वर मेण ओतलं होतं. जिवंत वस्तूचं तोंड असं बंद करायचं नसतं. सरकारला हे तेव्हा कळलं नव्हतं आणि रमाबाईंनाही नाही. बूच उडालं ते छताला लागलं.

खालून बुटांचे आवाज जिन्यावर चढले. दारात हवालदार, मागे एक बंदूकवाला. सुमती मनमोहनच्या पलंगासमोर उभी राहिली. तुरुंगातून सुटलेला माणूस, घरात स्फोट, त्यात ताडी. पुन्हा नेलं असतं तर आठ दिवसांत खांद्यावरून परत आला असता.

"काय फुटलं?" हवालदारानं विचारलं.

"दही," रमाबाई म्हणाल्या.

"दही फुटतं?"

"तुमच्या राज्यात काय फुटत नाही ते सांगा."

हवालदार स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेला. भिंतीवरून फेस ओघळत होता. त्यानं वास घेतला. बोलण्यावरून तो साताऱ्याकडचा वाटत होता. मग त्यानं वळून पलंगावर पाहिलं. मनमोहननं पांघरूण सारलं आणि शांतपणे म्हणाला, "न्यायचं असेल तर उचलून न्यावं लागेल. मला चालवत नाही."

हवालदार सज्जाकडे वळला. त्यानं सज्जात डोकावून परातीतलं मडकं पाहिलं, वाळू पाहिली, झाकण उचललं. त्याचं बोट माझ्यापासून वीतभर लांब होतं. मी घट्ट धरून बसलो.

"हे लागलंय चांगलं," तो म्हणाला आणि झाकण ठेवलं. "ते आतलं दही मात्र फार आंबलंय, आजी. भिंत पुसून घ्या. साहेब वर यायच्या आत." मागच्याला म्हणाला, "चल रे. दही हाय." बुटांचे आवाज खाली गेले.

 ओल्या फडक्यानं भिंत पुसता पुसता रमाबाईंना जे हसू फुटलं ते थांबेना. सुमतीही हसली, मग तिचं हसणं रडण्याकडे वळलं. मनमोहन म्हणाला, "मला वाटीभर द्या ते. फुटायच्या आत."

कर्फ्यू उठला तेव्हा मडक्यात तळाशी थोडा मी उरलो होतो. सुमतीनं शेवटचा काप काढला. तो उभा राहिला. गोड होता. मनमोहन तोवर उठून भिंतीला टेकून बसू लागला होता.

फ्लोरी धावत आली ती आधी मनमोहनकडे, मग बरणीकडे. बरणी रिकामी. तिनं कपाळाला हात लावला. लग्न तोंडावर आलेलं, ईस्टरआधीचे उपास सुरू व्हायच्या आत उरकायचं, आणि वसईहून पुन्हा काही आणणं म्हणजे मरण. "आता फुगे कशान चढवू?"

सुमती म्हणाली, "जिलबीचं पीठ दह्यानं चढतं. फुग्याचं का नाही?"

मी आयुष्यभर दूध धरलंय, त्या दिवशी मैदा उचलला. फुगे ताडीच्या फुग्यांइतके टम्म झाले नाहीत. वाडीतल्या म्हाताऱ्या कुरकुरल्या, तरी पातेली पुसून निघाली. रूथच्या मांडवात मनमोहन काठी टेकत आला. त्यानं अर्धा फुगा मोडला, दह्यात बुडवला आणि खाल्ला. महिनोन्‌महिन्यांत दह्याखेरीज पोटात गेलेला पहिला घास. सुमती तो पचेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसली. बँडवाले काय वाजवत होते ते तिला आठवत नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. मला नाही वाटलं असतं.

मनमोहन बरा झाला. अंग धरलं, आवाज परत आला. तो पुन्हा सभांना जाऊ लागला, मोर्च्यात पुढे राहू लागला. घरी दही रोज लागत होतं, तो रोज खात होता. कसं लागतं ते त्यानं विचारलं नाही. एकोणसाठ साली रमाबाई गेल्या. घरात माझी आठवण करून देणारं माणूस गेलं. मग साठ सालचा मे आला. राज्य मिळालं. गल्लीत पताका, दिवे, पेढे. मनमोहननं सभेत भाषण केलं. लाठी सांगितली, तुरुंग सांगितला, गोळ्या सांगितल्या, जे गेले त्यांच्यासाठी रडला. खोटं एक अक्षर बोलला नाही. फक्त मधला, दह्यावर काढलेला काळ त्याच्या भाषणात नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमती बायकांच्या बाजूला उभी होती. चार दिवस ती पताका चिकटवत होती, सभेला आलेल्यांना चहा देत होती. त्या चार दिवसांत मला दूध मिळालं नाही. मे महिन्याचा उन्हाळा. रमाबाईंच्या वाटीत मी हिरवा होऊन मेलो. पिढ्यान्‌पिढ्यांचा मी, आणि मरायला चार दिवस पुरले.

सकाळी मनमोहन पानावर बसला. "दही?"

"नाहीये."

"का?"

"विरजण गेलं."

"मग आण की फ्लोरीकडून."

सुमतीनं वाटी त्याच्यासमोर ठेवली. "तुम्ही आणा. राज्य आणलंत, हेही जमेल."

तो चिडला असेल, पण उठला. कालच्या भाषणाचा सदरा अंगात, हातात वाटी, असा रस्ता ओलांडून फ्लोरीच्या दारात आला. फ्लोरीच्या कपाटात मी जिवंत होतो, ठणठणीत.

"तू आलास? बायको बरी हाय ना?"

"बरी आहे. विरजण हवंय."

"देते. पन लावता येतंय काय?"

"त्यात काय आहे?"

फ्लोरीनं त्याच्या हातात पळी दिली आणि चुलीपुढे उभं केलं. "हलव. थांबू नको. करपलं तर परत पहिल्यापासून."

तो हलवू लागला. पहिल्यांदा जोरात, मग दमून हळू. घाम नाकावरून टपकू लागला. दूध काही आटेना. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "हे रोज करत होता तुम्ही?"

"रोज. गोल्या चालत होत्या तवा पन."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू इचारलंस कधी?"

 पळी फिरत राहिली.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. माझा पुतळा नको, माझ्या नावाची गल्ली नको. मला पोटभर खा, पण तळाशी चमचाभर राहू द्या. भांडं घासायच्या आधी आत बघा. शेजारीण वाटी घेऊन आली तर तिची जात बघू नका, वाटी स्वच्छ आहे का ते बघा. माझं तोंड मेणानं बंद करू नका, मला विसरून टाळ्या वाजवायला जाऊ नका. आणि तुमच्या घरात जी कोणी रोज दूध तापवते तिला एकदा तरी म्हणा, आज तू बस. एका दिवसाच्या मिरवणुकीनं राज्य येतंही कदाचित. दही रोज लावावं लागतं.

चुलीवरून पातेलं उतरलं आहे. फ्लोरीनं मला चमच्यात घेऊन त्याच्या शेजारी ठेवलं आहे. मनमोहन करंगळी बुडवतो आणि चटकन काढून घेतो. थांबतो. सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसतो. मीही थांबलोय, मला थांबवत नाही तरी. घाई केली तर मी मरेन, उशीर केला तर लागणार नाही, आणि आता दोन्ही त्याच्या हातात आहे.

त्यानं पुन्हा करंगळी बुडवली. ह्या खेपेला काढली नाही.